शिलकेचा कारभार

जुन्या औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, दैनंदिन व्यवहार एके काळी हौदांवर चालत असे. १६१० साली मलिक अंबराने याच जागी खडकी वसवली आणि उत्तरेकडील डोंगरांच्या कुशीतील पाणी जमिनीखालच्या नहरींनी गावात आणले. त्या नहरींच्या वाटेवर कोंडलेली हवा सोडून पाण्याचा दाब आवरण्यासाठी उंच मनोरे उभारले गेले. आणि जिथे जिथे माणसांचा राबता होता तिथे तिथे, मशिदीच्या अंगणात, सराईत, हवेलीच्या चौकात, हौद बांधले गेले. शहागंजच्या बाजारातील मशीद १७२० च्या सुमाराची, तिच्या अंगणातही हौद आहेत. खाम नदीच्या काठच्या पाणचक्कीचा विस्तीर्ण हौद तर खालच्या दालनाचे छत होऊन आजही भरलेला दिसतो. डोंगराच्या पोटातले पाणी रात्रंदिवस एकाच संथ गतीने पाझरत येते, माणसाची गरज मात्र पहाटे आणि तिन्हीसांजेला एकदम उसळते. या दोहोंतील विषमता जो निमूटपणे सोसतो, तो हौद. नहरीची कीर्ती इतिहासाने गायिली, हौदाची कोणी फारशी गायिली नाही. परंतु नहर आटली त्या दिवशी गावाची तहान भागवली ती हौदानेच.

गेल्या वैशाखातील एका संध्याकाळी याच शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्यापासून थोड्या अंतरावर, कापडाच्या एका दुकानात मी बसलो होतो. वळिवाचे वारे सुटले, पत्रे वाजले आणि लाइट गेली. दोन-चार दुकानांत इन्व्हर्टरचे पांढरे दिवे लागले, फळवाल्याने हातगाडीवरची बॅटरी पेटवली, आणि भोवतालच्या बहुतेक माणसांनी एकच गोष्ट केली: खिशातून फोन काढून घरी लावला आणि विचारले, ‘तिकडं पण गेली का?’ त्या प्रश्नाला दुसऱ्या टोकाकडून उत्तर मिळत होते आणि त्याचे कोणालाही आश्चर्य वाटत नव्हते. ज्या विजेच्या जाण्याविषयी ते बोलत होते, त्याच विजेवर ते बोलणे वाहून नेणारे मनोरे चालतात; मग ती गेल्यानंतरही बोलणे कशावर चालले आहे, हा प्रश्न त्या अंधारात मला प्रथमच नीट पडला.

उत्तर एका शब्दात सांगता येते: शिलकेवर. प्रत्येक टॉवरच्या पायथ्याशी लोखंडी कपाटात बॅटऱ्यांची एक रांग असते, आणि वीज गेल्याच्या क्षणापासून ती येईपर्यंत त्या रांगेत जमा असलेल्या शिलकेवर त्या परिसराचा सगळा संवाद जगतो. शहरात ही परीक्षा तासा-दोन तासांची असते. कन्नडच्या पुढे गौताळ्याच्या रानात किंवा सोयगावच्या बाजूला अजिंठ्याच्या डोंगररांगेत ती दहा-बारा तासांची आणि कधी दिवसांची असते. त्या शिलकेचा कारभार कसा चालतो, तो कुठे बिघडतो आणि त्याची जबाबदारी कोणावर, हे समजून घेण्याचा प्रयत्न मी पुढे काही महिने केला. त्याचाच हा वृत्तांत आहे.

*

शिसे आणि गंधकाम्ल यांच्या संयोगातून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने सिद्ध केली. १८८१ साली कामीय फोर याने शिशाच्या पत्र्यांवर लेप चढवण्याची युक्ती काढून तिला कारखान्यात तयार होण्याजोगे रूप दिले. लगोलग जानेवारी १८८२ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोनची केंद्रे सुरू झाली. बॅटरी आणि दूरध्वनी ही जणू एकाच पिढीची भावंडे होत, आणि त्यांचा संबंध आजतागायत तुटलेला नाही. दोन व्होल्टांचा एक, असे चोवीस सेल एकापुढे एक जोडले की अठ्ठेचाळीस व्होल्ट होतात. टेलिफोन खात्याने हा आकडा धरला, आणि खेड्यातील टॉवरचे यंत्र आजही त्याच अठ्ठेचाळीस व्होल्टांवर चालते.

ज्यांनी काळ्या रंगाचे, तबकडीचे फोन वापरले आहेत त्यांना आठवत असेल की घरात मिट्ट काळोख असतानाही रिसीव्हर उचलला की कानात तो अखंड नाद ऐकू येई. त्या फोनला घरची वीज लागतच नसे. त्याचे अन्न तांब्याच्या त्याच दोन तारांवरून एक्स्चेंजमधून येई, आणि एक्स्चेंजच्या तळमजल्यावर बॅटऱ्यांची स्वतंत्र खोली असे. आम्लाच्या उग्र वासाची, काचेच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या मोठाल्या सेलांची ती खोली ही त्या इमारतीची खरी तिजोरी होती. तिथला माणूस रोज एका ठरलेल्या सेलात, ज्याला ‘पायलट सेल’ म्हणत, हायड्रोमीटर बुडवून आम्लाची घनता पाही, व्होल्टेज मोजी, डिस्टिल्ड वॉटर कमी झाले असल्यास घाली आणि रजिस्टरात नोंद करी. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे १२८ लाइनींचे पहिले ग्रामीण एक्स्चेंज उभे केले. वातानुकूलनाशिवाय, आपल्या धुळीत आणि उन्हाळ्यात तग धरील असे ते यंत्र होते, आणि त्याच धर्तीची एक्स्चेंजे पुढे देशभरच्या खेड्यांत पोचली.

३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिले मोबाइल संभाषण झाले, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत एक स्थित्यंतर असे घडले की ज्याकडे आपले पुरेसे लक्ष गेले नाही. शिलकेची जागा बदलली. तालुक्याच्या गावी एका इमारतीत, एका जबाबदार माणसाच्या नजरेखाली जी तिजोरी होती, तिचे हजारो लहान तुकडे होऊन ते डोंगरमाथ्यांवर, गायरानांत आणि शेतांच्या बांधांवर विखुरले गेले. आणि त्या प्रत्येक तुकड्याजवळ रोज रजिस्टर उघडणारा माणूस मात्र उरला नाही.

*

अशा विखुरलेल्या तिजोऱ्या सांभाळणाऱ्या एका तंत्रज्ञाबरोबर श्रावणात मी कन्नडच्या बाजूला गेलो. हा तरुण शहागंजातच लहानाचा मोठा झालेला, आणि दोन तालुक्यांतील कित्येक टॉवर एकट्याने पाहणारा. त्याच्या बोलीत टॉवरला ‘साइट’ म्हणतात, डिझेल जनरेटरला ‘डीजी’, आणि टॉवर मुका झाला की ‘साइट पडली’. मोटारसायकलवर पुढे हत्यारांची पिशवी आणि मागे मी, अशी आमची स्वारी वेरूळचा घाट ओलांडून निघाली. साइटवर पोचल्यावर त्याने आधी कुलूप पाहिले, मग तारेचे कुंपण, मग कपाटाभोवतीची माती. बॅटऱ्यांच्या चोऱ्या इतक्या होतात, की पाऊलखुणा पाहणे हा त्याच्या कामाचा पहिला भाग झाला आहे.

त्याने ‘नॉक’ला, म्हणजे जाळ्यावर चोवीस तास देखरेख ठेवणाऱ्या दूरच्या कक्षाला, फोन करून परवानगी घेतली, महावितरणकडून येणारा पुरवठा मुद्दाम बंद केला आणि साइटचा सगळा लोड बॅटरीवर टाकला. मग तासभर काहीच न करता आम्ही कडुलिंबाखाली बसून राहिलो. या थांबण्याचे कारण त्याने सांगितले ते असे: भरलेल्या स्थितीत मोजले तर प्रत्येक सेल निरोगीच दिसतो, त्याचा खरा स्वभाव ओझे पाठीवर आल्यावर कळतो. तासाने तो मल्टिमीटर घेऊन उठला आणि एकेका सेलाचे आकडे मोठ्याने सांगू लागला, मी त्याच्या वहीत लिहू लागलो. २.०२, २.०१, २.०२, २.०१, असे सोळा सेल गेले. सतराव्याशी तो थांबला, मीटरच्या सळया पुसून पुन्हा टेकवल्या आणि म्हणाला, “लिहा काका, १.७४.” पुढचे सात पुन्हा २.०१ च्या आसपासच होते.

“चोवीसातला हा एकच खराब,” मी म्हणालो.

“एक खराब म्हणजे चोवीस खराब, काका. सगळे एकाच माळेतले. हा बसला की व्होल्टेज खाली येतं, मशीनला वाटतं बॅटरीच संपली, आन् ती लोड तोडते. बाकीच्या तेवीसात माल शिल्लक असतो, पण उपयोग काय?”

नवा सेल आणून बसवावा, तर तेही चालत नाही. जुन्या तेवीसांत नवा एक घातला तर त्याची आणि इतरांची भरण्याची चाल जुळत नाही. म्हणून दुसऱ्या एका मोडीत काढलेल्या साइटवरून साधारण त्याच वयाचा, तेवढ्याच वापराचा एक सुस्थितीतील सेल त्याने हेरून ठेवला होता. असा एक सेल ३५ ते ४० किलोंचा असतो. तो दुसऱ्या दिवशी जीपने आला आणि दोघांनी उचलून जागेवर सरकवला. पाना कोणत्या बाजूला फिरतो आहे याकडे त्या वेळी दोघांचेही डोळे एकवटलेले होते, कारण अठ्ठेचाळीस व्होल्टांनी माणसाला धक्का फारसा बसत नसला, तरी पाना चुकून दोन टोकांना टेकला तर त्याचे लोखंड वितळून उडते.

*

त्या माळेचा जमाखर्च वाचकांपुढे मांडणे अवश्य आहे, कारण दोष कुठे आहे ते त्यातच कळते. समजा, साइटचा लोड २ किलोवॅट आहे; अठ्ठेचाळीस व्होल्टांवर तो सुमारे ४२ अँपिअर होतो. बॅटरी ६०० अँपिअर-तासांची. कागदावरचा भागाकार चौदा तास सांगतो. परंतु शहाणा कारभारी तिजोरी तळापर्यंत खरवडत नाही. पाचवा हिस्सा राखून ठेवला तर अकरा-साडेअकरा तास मिळतात. आता दहा तास वीज नव्हती असे धरू. ४२० अँपिअर-तास खर्च झाले. शिशाची बॅटरी घेतले तेवढे परत घेऊन समाधानी होत नाही. दहा-पंधरा टक्के जास्त द्यावे लागतात. ६० अँपिअरने भरू लागलो तर हिशेबाने आठ तास होतात. प्रत्यक्षात शेवटचा पाचवा हिस्सा ती अतिशय सावकाश, घोट घोट घेते, आणि पुरती भरण्यास दहा-बारा तास लागतात.

याचा अर्थ असा, की खेड्यात चोवीस तासांपैकी चौदा तास वीज सलग आली तर हिशेब जेमतेम जुळतो. तीच वीज तुकड्यातुकड्यांनी, मधूनच कमी दाबाने आली, तर बॅटरी दिवसेंदिवस कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत तिच्या पत्र्यांवरील शिशाच्या सल्फेटाचे मऊ कण हळूहळू कठीण स्फटिक होतात आणि मग ते विरघळत नाहीत. बाहेरून कपाट तसेच, वजन तसेच, मीटरही बरा आकडा दाखवतो; परंतु आतली धारणशक्ती नाहीशी झालेली असते. ज्या बॅटरीवर बारा तासांचा भरवसा ठेवला, ती दोन तासांत मान टाकते. “बॅटरी वापरून मरत नाही, उपाशी राहून मरते,” असे त्या तरुणाने मला सांगितले, आणि या सगळ्या विषयाचे सार मला त्या वाक्यात सापडले. आपण चर्चा करतो ती बॅटरी किती मोठी आहे याची. करायला हवी ती, तिचे घेतलेले तिला पूर्ण परत मिळते की नाही याची.

मराठवाड्यातील खेड्यांनी हे उपाशीपण भोगलेले आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाचे वेळापत्रक हेच गावाचे पंचांग झाले होते आणि ग्रामीण भागात बारा-बारा तास वीज नसे. पुढे गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे झाले. शेतीपंपांना आलटून-पालटून दिवसा आठ तास अन् रात्री दहा तास असा पुरवठा होऊ लागला. टॉवर कोणत्या फीडरवर आहे, या एका गोष्टीवर त्याच्या बॅटरीचे आयुष्य ठरते; आणि दूरच्या माळावरचा टॉवर पुष्कळदा गावठाणापासून लांबच असतो.

त्यात उष्णतेची भर पडते. आपल्याकडे या बॅटऱ्यांची क्षमता २७ अंश तापमानाला मोजतात. त्यावर साधारण दहा अंश सतत वाढले की आयुष्य निम्मे होते, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. वैशाखात मराठवाड्यात पारा बेचाळीसच्या घरात जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या लोखंडी कपाटातील हवा त्याहून तापलेली असते. म्हणून भरण्याचे व्होल्टेज, जे एरवी प्रत्येक सेलाला २.२५ म्हणजे सगळ्या माळेला ५४ असते, ते तापमान चढेल तसे उतरवावे लागते. न उतरवले तर बॅटरी तापते, तापल्यामुळे अधिक प्रवाह ओढते, त्याने आणखी तापते आणि शेवटी फुगून फुटते. कपाटावर पांढरा रंग देणे, वर गवताचे किंवा पत्र्याचे दुहेरी छप्पर घालणे, पंख्याची जाळी दर पंधरवड्याला झाडणे ही कामे क्षुल्लक दिसतात. पण बॅटरीची दोन वर्षे वाचवण्याचे सामर्थ्य त्यांच्यात आहे.

*

शिल्लक संपत आली की प्रश्न उभा राहतो तो न्यायाचा. व्होल्टेज उतरत ४६ च्या खाली आले की यंत्र कमी महत्त्वाचा लोड प्रथम तोडते, म्हणजे चित्रफिती आणि वेगवान इंटरनेट वाहणारा भाग. साधे बोलणे आणि पुढच्या टॉवरकडे जाणारा दुवा चालू ठेवते. ४३-४४ च्या आसपास तेही तोडावे लागते, कारण त्याखाली उतरलेली बॅटरी पुन्हा पूर्ववत होण्याची खात्री नसते. कोणाला आधी उपाशी ठेवायचे याचा हा निवाडा आहे, आणि तो संकटाच्या घटकेला करायचा नसून शांतपणे, आधीच करून ठेवायचा असतो. दुष्काळात कोठारातील धान्य कोणत्या क्रमाने वाटावे हे जसे नांगर चालू असतानाच ठरवावे लागते, तसेच हे.

आणखी एक गोष्ट डोंगरात गेल्याखेरीज उमगत नाही. खोऱ्यातील दहा गावांचे टॉवर पुष्कळदा एका उंच माथ्यावरच्या टॉवरमार्फत जगाशी जोडलेले असतात. तो माथ्यावरचा पडला, तर खालच्या दहांच्या बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या असूनही दहाही गावे मुकी होतात. सबब सर्वांना सारखे वाटणे हा येथे न्याय ठरत नाही. ज्याच्यावर अनेकांचे अवलंबन आहे त्याची तिजोरी अधिक मोठी, अधिक राखलेली असली पाहिजे. त्या माथ्यावर डीजी असतो, हे खरे. परंतु डिझेल पोचवायला वाट लागते, ते चोरीस जाते, आणि ऐन वेळी डीजी उचलतच नाही असेही घडते. त्याला चालू करणारी लहानशी बारा व्होल्टांची बॅटरीच मेलेली असते. मोठ्या शिलकेचा विश्वास एका दुर्लक्षित छोट्या शिलकेपाशी अडतो.

लिथियमच्या बॅटऱ्या आता अनेक साइटवर आल्या आहेत. त्या हलक्या असतात, लवकर भरतात, आणि अर्धवट भरलेल्या राहिल्या तरी शिशाच्या बॅटरीसारख्या झुरत नाहीत, म्हणून तुटक विजेच्या प्रदेशाला त्या अधिक मानवतात. आमच्याकडच्या उन्हाला सौर पट्ट्यांची जोड दिली तर डिझेलची गरजही घटते. जानेवारी २०१२ मध्ये केंद्राच्या दूरसंचार खात्याने ग्रामीण टॉवरांपैकी निदान निम्मे संमिश्र ऊर्जेवर आणावेत असा हुकूम काढला होता, त्यामागे हाच विचार होता. तरीही साहित्य बदलल्याने कारभार सुधारतो असे मानणे चुकीचे होईल. लिथियमच्या कपाटातही पंखा धुळीने बंद पडतो, आणि सौर पट्टीवरची धूळ पुसायलाही माणूसच लागतो.

*

हा विषय इतक्या विस्ताराने मांडण्याचे कारण म्हणजे त्या शिलकेवर आज काय काय अवलंबून आहे ते. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायचा तो फोनवरून. रेशनचे धान्य मिळते ते ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटल्यावर. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरील ई-पीक पाहणीत करतो. मराठवाड्यात वळिवाच्या दिवसांत वीज अंगावर पडून माणसे आणि जनावरे दगावतात. त्यांना आगाऊ सावध करण्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ हे ॲप तयार केले आहे. परंतु ज्या वादळात ती सूचना प्राणांइतकी मोलाची असते, त्याच वादळात फीडर बंद पडतो. तेव्हा शेतातल्या माणसापर्यंत सूचना पोचेल की नाही, हे त्या माळावरच्या चोवीस सेलांनी ठरवायचे असते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत वीज व मोबाइल दोन्ही दिवसचे दिवस बंद राहिले. मुंबईतल्या चाकरमान्यांना गावाकडच्या आईवडिलांची खुशाली कळेना. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास खुद्द मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि आपण सारे किती बारीक धाग्यावर उभे आहोत हे महानगरालाही उमगले. अमेरिकेत २००५ च्या कॅट्रिना वादळानंतर तेथील दूरसंचार आयोगाने २००७ साली टॉवरांना आठ तासांच्या बॅटरीची सक्ती करण्याचे ठरवले, परंतु कंपन्यांच्या विरोधामुळे तो नियम अमलात आलाच नाही. वणव्यांनी होरपळलेल्या कॅलिफोर्नियाने मात्र २०२० साली धोक्याच्या प्रदेशांसाठी बहात्तर तासांची अट घातली. आपत्ती डोळ्यांपुढे असते तोवरच असे नियम करण्याची हिंमत होते, असा याचा बोध आहे.

आपल्याकडे हा बंदोबस्त कसा करावा, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. गावाच्या विहिरीची पातळी जशी गावाला ठाऊक असते, तशी गावच्या टॉवरची शिल्लक गावाला ठाऊक असावी: शेवटची चाचणी कधी झाली, बॅटरी प्रत्यक्षात किती तास टिकली, हे दोन आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर दर सहामाहीला लागावेत. माथ्यावरच्या टॉवरांची यादी जिल्ह्याच्या आपत्ती निवारणाच्या दप्तरी असावी आणि वीज परत देताना रुग्णालय व पाणीपुरवठा यांच्या जोडीने त्यांचाही क्रम लागावा. आणि दोन तालुक्यांमागे एक माणूस, ही नेमणूक बदलावी. पाठीवर पिशवी घेऊन पावसात घाट चढणाऱ्या या तरुणांची गणना आपण आवश्यक सेवकांत करत नाही, हा आपल्या कृतज्ञतेचा दोष आहे. ज्याने एक्स्चेंजच्या खोलीत रोज हायड्रोमीटर बुडवला, त्याचाच वारसा हे चालवीत आहेत. फक्त त्याच्यापाशी एक खोली होती आणि यांच्यापाशी डोंगर आहेत.

सतरावा सेल बदलला त्या दिवशी परतायला रात्र झाली. शहागंजात आम्ही उतरलो तेव्हा दुकाने मिटत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या अमलात उभारलेला आणि त्यावरील घड्याळ वर्षानुवर्षे बंद पडलेले असताना अलीकडे डागडुजी झालेला तो मनोरा दिव्यांत न्हाऊन उभा होता. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा सांगून तंत्रज्ञाने फोन काढला. दूरच्या साइटचे आकडे त्यावर दिसतात. दुपारी पुरवठा परत जोडला तेव्हा बॅटरी साठ अँपिअरने पीत होती. आता तो आकडा नऊवर आला होता. त्याने फोन टपरीच्या फळीवर उताणा ठेवला. चहा आला, निवला, दुसरा सांगितला. मी घरी जायला उठलो, तर त्याने हाताने थांबा म्हटले. अकराच्या पुढे केव्हा तरी नऊचे पाच झाले, पाचाचे तीन. आणि मग तो आकडा तिथेच स्थिरावला.

“भरली,” तो म्हणाला, आणि वहीत वेळ लिहून त्याने मोटारसायकलची किल्ली हाती घेतली.